आकार शिकवायला लोतेरिया घ्यावा का? घरी वापरून लिहितेय

आधीच सांगते, लोतेरिया हा आकार शिकवायचा खेळ नाहीच. डब्यावर तसं काही लिहिलेलं नसतं आणि बनवणाऱ्यांच्या डोक्यातही तसं काही नव्हतं. मेक्सिकन घरांमध्ये चार माणसं जमली की टेबलावर पसरतात तो हा चित्रांचा खेळ, बराचसा आपल्या हौजीसारखा, फक्त आकड्यांच्या जागी कोंबडा, चंद्र, शिडी, कलिंगड असली चित्रं. तरीपण मी हा रिव्ह्यू आकार शिकवण्याच्याच बाजूने लिहितेय, कारण आम्ही राहतो लॉस एंजेलिसमध्ये, लेक चार वर्षांची, शाळा इंग्लिश-स्पॅनिश अशी दोन्ही भाषांतली, आणि टीचरने पालकांना सांगितलेलं की वर्कशीट वगैरे नको, घरातल्या वस्तूंमध्ये आकार शोधायला लावा. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मेक्सिकन, साल्वाडोरन, ग्वाटेमालन घरांतली, त्यामुळे शाळेत जी उदाहरणं येतात ती तोर्तिया (मक्याची पातळ पोळी), पिन्याता (आत कँडी भरून टांगतात आणि काठीने फोडतात ती कागदी वस्तू), पान दुल्से (गोड पाव) यांचीच येतात. (कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना टीके म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टनला, किंडरगार्टनच्या आधीच्या वर्षाला, जाता येतं, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आलाय, पालकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं की काय घेऊ.)

तुलनेसाठी आमच्याकडे दुसरं एक किट आहे, वाढदिवसाला आलेलं, ब्रँडचं नाव घेत नाही. लॅटिनो थीम असं मोठ्या अक्षरात लिहिलंय त्यावर. फोमचे जाड तुकडे, गोल, चौकोन, त्रिकोण, तारा, रंग एकदम झकास, आणि प्रत्येकावर एकेक चित्र छापलेलं. गोलावर सोम्ब्रेरो म्हणजे रुंद काठाची मेक्सिकन टोपी. चौकोनावर निवडुंग. त्रिकोणावर मिरची! मिरचीचा आणि त्रिकोणाचा संबंध काय ते मला अजून कुणी समजावून सांगावं. म्हणजे आकार एकीकडे, वस्तू एकीकडे, आणि दोन्ही गोंदाने चिकटवलेले. पोरीने तुकडे बघितले, मिरची बघून हसली, आणि नंतर ते तुकडे बाथटबमध्ये तरंगवायला गेले, तिथे मात्र ते उत्तम चालतात, हे कबूल. पण माझं म्हणणं असंय की आकार वस्तूमध्येच असायला हवा, तिच्यावर छापलेला नको. सूर्याचं चित्र बघून मुलाने स्वतः म्हणायला पाहिजे की अगं हा गोल आहे. लोतेरियात हे होतं, आणि ते कुणी मुद्दाम न करता होतं, म्हणून मला तो जास्त आवडला.

डब्यात काय येतं ते सांगते. ५४ पत्ते, प्रत्येकावर एक चित्र, खाली स्पॅनिशमध्ये नाव आणि वर नंबर. सोबत दहा ताब्ला म्हणजे पुठ्ठ्याचे बोर्ड, प्रत्येक बोर्डावर चार बाय चार अशी १६ चित्रं. एक जण पत्ते काढून पुकारतो, त्याला ग्रितोन म्हणतात, बाकीचे आपल्या ताब्लावर ते चित्र असेल तर त्यावर दाणा ठेवतात, आणि ठरलेला पॅटर्न भरला की लोतेरियाऽऽ म्हणून ओरडायचं. खेळ मूळचा इटलीचा, तिथून स्पेन आणि १७६९ च्या सुमारास मेक्सिकोत आला असं सांगतात. आज जी चित्रं सगळीकडे दिसतात, टी-शर्टवर, कपांवर, भिंतींवर सुद्धा, ती डॉन क्लेमेंते नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेटची. क्लेमेंते जॅक्स हा मेक्सिकोत स्थायिक झालेला फ्रेंच व्यापारी, त्याने १८८७ मध्ये हा सेट छापायला घेतला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये गुगलने डूडलसुद्धा केलं होतं याचं, तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा नाव ऐकलं असेल.

आता मुद्द्याचं. आकारासाठी कुठले पत्ते चालतात. सूर्य (नंबर ४६) हा सगळ्यात सोपा, गोल चेहरा आणि भोवती टोकदार किरणं, त्यामुळे मधला गोल आणि बाहेरची टोकं असे दोन आकार एकाच चित्रात. चंद्र (२३) हा कोर आहे, पूर्ण गोल नाही, आणि सूर्य-चंद्र शेजारी ठेवले की मूल आपोआप विचारतं की ह्याचा बाकीचा भाग कुठे गेला. तारा ३५, हृदय २७, हृदयातून बाण गेलाय त्यामुळे आमच्याकडे आधी दुखतंय का यावरच पाच मिनिटं चर्चा होते, आकार नंतर. ढोल (२९) आणि पिंप (९) हे दंडगोलासाठी, बाजूने एक दिसतं आणि वरून बघितलं तर गोल दिसेल हे समजवायला. निवडुंग म्हणजे नोपाल (३९), त्याची पानं लंबगोल, आणि लंबगोल हा आकार असा आहे की मुलं त्याला कायम चपटा गोल किंवा वाकडा गोल म्हणतात, नोपालमुळे तो शब्द पक्का बसला. इथल्या मेक्सिकन दुकानात नोपालची पानं काटे काढून ढिगाने ठेवलेली असतात, पत्ता हातात घेऊन तिथेच नेलं तर चित्र आणि वस्तू दोन्ही समोरासमोर.

पण मला सगळ्यात आवडलेला पत्ता शिडीचा, नंबर ७. कारण शिडीत आकार लाकडात नाहीये, पायऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. दोन उभ्या काठ्या, आडव्या पायऱ्या, आणि मधे एकावर एक चौकटी. लेकीने त्या चौकटींत एकेक दाणा ठेवून बघितला, खालपासून वर, आणि मग घरभर रिकाम्या जागा शोधत फिरली, खुर्चीच्या पाठीच्या फटी, ग्रिलच्या फटी, खिडकीची जाळी. फोमच्या तुकड्याला आत रिकामी जागाच नाही, त्यामुळे हे त्या किटमधून कधीच झालं नसतं.

आणि पुकारण्याचं. हे मी फार उशिरा लिहितेय पण खरं तर हाच खेळाचा जीव आहे. पारंपरिक ग्रितोन नुसतं नाव घेत नाही, तो कोडं किंवा ओळ म्हणतो, सूर्य आला की म्हणणार गरिबांची गोधडी, तारा आला की खलाशांना वाट दाखवणारी. प्रत्येक घराच्या ओळी वेगळ्या, काही सभ्य, काही मुलं झोपल्यावरच म्हणायच्या. आमच्या शेजारच्या आजी मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या आहेत, माझी लेक त्यांना अबुएलिताच म्हणते, म्हणजे स्पॅनिशमध्ये आजी, त्या खेळायला बसल्या की मनाला येईल ते जोडतात आणि सगळे हसतात. तर मग आपणही ओळी आकाराच्या करायच्या. गोल आहे, चेहरा आहे, रोज सकाळी येतो. किंवा, अर्धा गोल वर आणि काठी खाली, पावसात लागतो (छत्री, नंबर ५). किंवा, वरून रुंद खालून अरुंद, आत माती (कुंडी, ५२). मूल आधी डोक्यात आकार बनवतं, मग बोर्डावर शोधतं. यात नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही कारण ओळी रचणं हाच नियम आहे. अबुएलितांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भुवया वर केल्या, मग म्हणाल्या चालेल, पण यमक जुळव. मला स्पॅनिशमध्ये यमक कुठून जुळणार, मी मराठीत जुळवते.

बोर्डाबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. जिंकायचे पॅटर्न ठरवून घ्यायचे असतात, आडवी ओळ, उभी ओळ, तिरपी ओळ, चार कोपरे, आणि एक असतो पोसो म्हणजे एकमेकांना लागून असलेली चार घरं, दोन वर दोन खाली. आता हे सगळे पॅटर्न म्हणजे भूमितीच आहे बघा, तिरपी ओळ ही कल्पना चार वर्षांच्या मुलाला समजवायला एरवी नाकीनऊ येतात, इथे जिंकायचं असतं म्हणून ती चटकन कळते. चार कोपरे खेळताना तर मूल बाकीच्या बारा घरांकडे बघतच नाही, चारच चित्रं लक्षात ठेवतं. पोसोला मी चौरस म्हणाले तर लेकीने बोटाने मोजून सांगितलं की हा उंच आहे. बरोबरच होतं, ताब्लावरचं प्रत्येक घर उभं आयताकृती असतं, त्यामुळे दोन बाय दोन केलं तरी आयतच मिळतो, चौरस नाही. चार घरं म्हणजे चौरस नव्हे, चारी बाजू सारख्या पाहिजेत, हे एवढं स्वच्छ मी शिकवू शकले नसते.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे त्रिकोण. पन्नासच्या वर चित्रं आणि धड एक त्रिकोण नाही! पाइनचं झाड (४९) ओढूनताणून धरता येतं. हार्प (५३) आहे, तिला तीन बाजू आहेत पण एक वळलेली. मुकुटाची टोकं धरायची म्हटली तर ती मुकुटात हरवतात. आणि किंडरगार्टनमध्ये त्रिकोण हा तर मुख्य आकार, शिवाय मुलांची नेहमीची अडचण अशी की टोक वर असलेला, नीट बसलेला त्रिकोण त्यांना ओळखता येतो आणि तोच उलटा केला किंवा लांबट-तिरका केला की तो त्रिकोण नाही म्हणून मोकळे होतात. यावर लोतेरियाकडे उत्तर नाही. षटकोनही नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या किंडरगार्टनच्या यादीत षटकोन आहे, शंकू आहे, घन आहे.

दुसरी तक्रार चित्रांची. हा सेट एकोणिसाव्या शतकातला आहे आणि तो दिसतोही तसाच. दारुडा (२५) आहे, मृत्यू (१४) आहे, कवटी आहे, सैतान आहे. मृत्यू आणि कवटीचं मला काही वाटत नाही, दीआ दे मुएर्तोस म्हणजे मृतांचा सण साजरा करणाऱ्या घरातली मुलं साखरेच्या कवट्या बघतच मोठी होतात आणि लेकीला ती चित्रं मजेशीरच वाटतात. पण एल नेग्रितो (२६) आणि एल आपाचे (३८) हे पत्ते कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी माणसांचं ठोकळेबाज चित्र आहेत, यावर लॅटिनो लोकांमध्येच भरपूर वाद झालेत आणि नवीन कलाकारांनी काढलेल्या सेटमध्ये ते बदललेले दिसतात. लहान मुलांसोबत खेळताना मी हे दोन आणि दारुडा असे तीन पत्ते बाजूला काढते. अडचण अशी की पत्ते काढले तरी ताब्लावर ती चित्रं छापलेली राहतातच. त्या घरावर सुरुवातीलाच दाणा ठेवून द्यायचा, फुकटचं घर म्हणून. मुलं खूश.

तिसरी, क्वालिटी. आमच्या सेटमधले पत्ते पातळ आहेत, कोपरे लगेच दुमडतात, आणि डबा तर पहिल्या महिन्यातच फाटला. आम्ही तो कुठल्या दुकानातून घेतला ते महत्त्वाचं नाही, स्वस्तातला घेतला की असंच मिळतं, साधारण दहा डॉलरच्या आसपास जातो. ताब्ला लॅमिनेट करून घ्या, शाळेच्या सामानाच्या दुकानात किंवा लायब्ररीत होतं.

चौथी सेफ्टीची. खूण ठेवायला पारंपरिक पद्धतीने वाल-राजम्यासारखे सुके दाणे वापरतात, पिंटो बीन्स. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर अजिबात नको, दाणे तोंडात, नाकात, कानात कुठेही जातात. मोठी प्लास्टिकची झाकणं वापरा. काही घरांत सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं वापरतात, कोर्चोलाता म्हणतात त्यांना, ती मोठ्या मुलांना चालतील. त्या बुचाला २१ दाते असतात, बाहेरून बघितलं तर गोल आणि बोट फिरवलं तर दातेरी, त्यामुळे हा गोल की नाही यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

त्रिकोणावर परत येते, कारण त्याचा उपाय मला लोतेरियात नाही पण मेक्सिकन स्वयंपाकघरात सापडला आणि तो इतका मस्त निघाला की त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल. मोल्काहेते माहितीय ना, ज्वालामुखीच्या दगडाचा तो जाडजूड खल, ज्यात साल्सा, ग्वाकामोले अशा चटण्या कुटतात. त्याला तीन पाय असतात. अबुएलितांच्या ओट्यावर त्यांचा मोल्काहेते आहे, त्यांच्या आईचा, आणि एकदा त्यांनी तोर्तियाचं पीठ भिजवून ठेवलं होतं, त्यातलंच थोडं ओट्यावर थापून त्यावर तो मोल्काहेते टेकवला आणि उचलला. तीन खळगे. लेकीने बोटाने एका खळग्यातून दुसऱ्यात रेघ ओढली, मग तिसऱ्यात, मग परत पहिल्यात. त्रिकोण! मग त्यांनी तो अर्धा फिरवून परत टेकवला, आता टोक खाली आलं, आणि तरी तीनच खळगे आणि तीनच रेघा. उलटा त्रिकोण पण त्रिकोणच असतो हे कुणी तोंडाने सांगितलंच नाही. वर हेही कळलं की तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं. मोल्काहेते उचलायचं काम मात्र मोठ्यांनीच करा, तो पायावर पडला तर आकार राहू दे, बोटं मोजावी लागतील.

अबुएलितांचं शिक्षण किती झालंय मी कधी विचारलं नाही. पण पिठाचा गोळा हातात घेऊन तोर्तिया केवढी होणार हे त्या न बघता सांगतात. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात लुईस मोल या शिक्षण-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांतल्या अशाच ज्ञानावर काम केलंय, १९९२ मध्ये त्यांचा लेख आला. शाळेतले शिक्षक मेक्सिकन कामगार घरांमध्ये गेले, शिकवायला नाही तर शिकायला, आणि त्या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधं, स्वयंपाक यांचं केवढं ज्ञान पडलंय ते बघून वर्गात ते वापरायचं ठरवलं. या ज्ञानाच्या साठ्याला त्यांनी फंड्स ऑफ नॉलेज म्हटलं. आमच्या टीचरने ज्या अर्थी घरातल्या वस्तू शोधायला सांगितल्या त्याच्या मागे हीच परंपरा आहे असं मला वाटतं, आणि म्हणून त्या फोमच्या किटचा जास्त राग येतो. ज्या घरात आकार ओट्यावर पडलेत तिथे त्रिकोणावर मिरची छापून वीस-पंचवीस डॉलरला विकायची म्हणजे काय.

तोर्तियाच्या प्रेसबद्दल पण दोन शब्द, कारण लोतेरियासोबत काय घ्यावं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. बिडाचा साधा घ्या, वीस-तीस डॉलरमध्ये येतो, शंभर वर्षं टिकेल. भिजवलेल्या पिठाचा गोळा करायचा, तो चेंडूसारखा सगळीकडून गोल, मग प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून दांडा दाबायचा, उघडलं की चपटा गोल. भरीव गोळा आणि सपाट वर्तुळ यातला फरक शाळेत चित्र काढून दाखवतात, इथे हातात होतो. आणि प्रेस कधी परफेक्ट गोल देत नाही. बिजागरीच्या बाजूला दाब जास्त बसतो, तिकडून तोर्तिया पातळ होते आणि बाजूला सरकल्यासारखी लांबट येते, म्हणून जाणकार लोक ती फिरवून परत हलका दाब देतात. पीठ कोरडं असेल तर कडा फाटतात. दर वेळी वेगळा गोल, त्यामुळे जास्त गोल कोण, कमी गोल कोण याची स्पर्धा लागते. उरलेल्या तोर्तिया सहा किंवा आठ भागात कापून तळल्या की तोतोपोस, सगळे त्यांना त्रिकोण म्हणतात, पण नीट बघा, दोन बाजू सरळ आणि एक वळलेली. लेक आता तोतोपोस खाताना आधी वळलेली बाजू चावून सरळ करते. दातांनी सरळ बाजू होत नाही ही गोष्ट वेगळी.

बाकीच्या आकारांसाठी पटपट सांगते. शंकू हवा असेल तर पिन्याता, पारंपरिक पिन्यातेला सात टोकं असतात, सात पापांची म्हणे, आणि प्रत्येक टोक म्हणजे कागदाचा शंकू. लॉस एंजेलिस डाउनटाउनला ईस्ट ऑलिम्पिक बुलेवार्डवर पिन्याता डिस्ट्रिक्ट म्हणून भागच आहे, दुकानांच्या बाहेर छतापासून पिन्याता लटकत असतात, काही विकत न घेता नुसतं फिरलात तरी पोराचा तास मजेत जातो. त्यात कार्टूनवाल्या पिन्याताच जास्त, टोकांचे तारे शोधावे लागतात, तेवढाच खेळ. षटकोन ग्वाटेमालाच्या पतंगात आहे. तीन काड्या मध्यावर एकमेकींवर बांधल्या की सहा टोकं मिळतात, दोरा फिरवला की सहा बाजू. १ नोव्हेंबरला तिकडे सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत माणसाच्या कितीतरी पट मोठे पतंग उभे करतात, ते सगळेच षटकोनी नसतात, पण मुलं उडवतात ते छोटे बहुतेक सहा बाजूंचे. वर्गातल्या एका ग्वाटेमालन बाबांनी येऊन मुलांकडून बनवून घेतले, ती काड्यांची कल्पना त्यांचीच.

पापेल पिकादो, म्हणजे सणाला दोरीवर लावतात त्या कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका, यावर मात्र थोडं थांबते. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर हुइशकोलोत्ला हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे, तिथले कारागीर कागदांची चळत ठेवून छिन्नी-हातोडीने कापतात. घरी टिश्यू पेपर आणि कात्री पुरे. कागद मधे दुमडायचा आणि घडीवर त्रिकोण कापायचा. उघडायच्या आधी मुलाला विचारायचं, काय निघेल? सगळे म्हणतात त्रिकोण. उघडलं की नेहमीच्या खेळायच्या पत्त्यांत असते तशी चौकट. घडीवर अर्धा गोल कापला की पूर्ण गोल. दोनदा दुमडलं तर एका कापात दोन भोकं की चार, हे कुठे कापलं त्यावर ठरतं आणि ते माझंही दर वेळी चुकतं, त्यामुळे लेकीला फार आवडतं. टिश्यू पेपर फाटतो फार, बोथट कात्रीने तर चुरगळतोच, तेव्हा थोडा जाड रंगीत कागद घेतला तरी काही बिघडत नाही.

पानादेरिया म्हणजे मेक्सिकन बेकरी, तिथे मुलाला नेणं हा स्वस्तातला क्लास आहे. दारातच ताट आणि चिमटा उचलायचा आणि कपाटांतून हवा तो पाव स्वतः घ्यायचा. कोंचा गोल, कुएर्नितो चंद्रकोरीसारखा, कोर्बाता म्हणजे बो-टाय, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. आज फक्त दोन आकार घ्यायचे, कुठले ते तू ठरव, एवढंच सांगायचं. चिमटा मुलाच्या हातात द्या, ताट तुमच्या हातात ठेवा. एकदम गर्दीच्या वेळी, रविवारी सकाळी वगैरे, नका जाऊ, मागे रांग लागते आणि मूल कपाटासमोर त्रिकोणावर विचार करत उभं असतं.

एक गोष्ट खटकते ती सांगते. लॅटिनो म्हटलं की दुकानातलं सगळं सामान मेक्सिकन असतं, आणि हा रिव्ह्यूसुद्धा बराचसा तसाच झालाय कारण मी राहते तिथे तसं आहे. लोतेरिया साल्वाडोरन मुलाच्या घरी असेलच असं नाही, त्याचा गोल पुपुसा नावाच्या भाकरीत आहे, जाड, आत चीज. व्हेनेझुएलाच्या मुलाचा गोल म्हणजे अरेपा, मक्याची जाड भाकरी. क्युबन किंवा पोर्तो रिकन घर असेल तर तिथे डॉमिनो असतो आणि आयतासाठी त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही, एक सोंगटी म्हणजे मधे रेघ असलेला आयत, रेघेच्या दोन्ही बाजूंना चौरस. मायामीला लिटिल हवानामध्ये मॅक्सिमो गोमेझ पार्कात म्हातारी मंडळी दिवसभर तेच खेळत बसतात. वर्गासाठी काही घेत असाल तर आधी मुलं कुठल्या घरांतून येतात ते बघा.

रेटिंग. आकार शिकवायला म्हणून लोतेरियाला पाचपैकी साडेतीन, कुटुंबाने खेळायला म्हणून साडेचार. फोमच्या किटला बाथटबमध्ये चार, बाहेर एक. हल्ली आकार-रंगांचा लोतेरिया म्हणून पण मिळतो, चित्रांच्या जागी नुसते रंगीत गोल-चौकोन, तो आम्ही एका मैत्रिणीकडे खेळून बघितला, पुकारायला काही उरतच नाही, लाल गोल, निळा चौकोन, संपलं, दुसऱ्या डावाला मुलं उठून गेली. ऑनलाइन घेताना ताब्ला केवढा मोठा आहे ते बघून घ्या, खिशात मावतील एवढे छोटे सेटही त्याच फोटोने विकतात, त्यावरची चित्रं लहान मुलांना दिसत नाहीत आणि झाकण ठेवलं की चार घरं झाकली जातात. मेक्सिकन किराणा दुकानात मेणबत्त्या आणि पिन्यातेच्या कँडीच्या आसपास ठेवलेला असतो, तिथे हातात घेऊन बघता येतो.